थांब, चाल, जोर, मागं

"ह्या गाडीला आता डावा पाय लागणार न्हाय म्हणं."

"मग डाव्या पायानं करायचं काय?"

"मांडी घालून बसायचं. जेवाय बसल्यागत."

चहाचा ट्रे हातात धरून मी गोठ्याच्या भिंतीआड उभी होते. बोलणारे दोघे आमच्याच वस्तीवरचे. कडुनिंबाखाली उकिडवे बसून ते आमच्या पिकअप गाडीचं उघडलेलं पोट बघत होते. गाडीखालून मिस्त्रींचे फक्त पाय बाहेर आले होते. मी पुढं झाले तसे दोघं गप्प झाले. मी दिसले की माणसं गप्पच व्हायची. पाचगणीच्या इंग्रजी शाळेतून शिकून आलेली पोर, तिच्यापुढं काय बोलावं आणि त्यातलं तिला किती कळेल, याचा कुणालाच अंदाज नव्हता. तो मलाही नव्हता, म्हणून मीही गप्प असायचे. अशा रीतीनं आमच्या वस्तीवर सगळे एकमेकांचा फार मान राखून होते.

"चहा," मी म्हटलं.

"नको नको, आत्ताच झाला," दोघं एका सुरात म्हणाले आणि हात पुढं केले. गाडीखालून मिस्त्रींचाही आवाज आला, "मला नको हां, बाई," आणि पाठोपाठ एक काळाकुट्ट हात बाहेर येऊन कप शोधू लागला.

ही एक गोष्ट मला घरी आल्यावर नव्यानं शिकावी लागली. शाळेत "नको" म्हटलं की बशी पुढं सरकायची. आमच्याकडं पहिला नको हा नमस्कारासारखा असतो. तो केला नाही तर माणूस हावरट ठरतो, आणि तो ऐकून खरंच चहा परत नेला तर घर चिक्कू ठरतं. दुसरा नको जरा हसून म्हणायचा. तिसऱ्याला कपावर दोन्ही हात आडवे धरून, "शपथ हाय तुमाला" असं मोठ्यानं ओरडता आलं, तर कदाचित सुटका. एवढं ओरडणं मला कधी जमलं नाही. मी एकदाच, हळू आवाजात, खरोखरचा नको म्हणायचे आणि मग समोर आलेला चहा प्यायचे. आल्यापासून मी वस्तीवरच्या प्रत्येक चुलीवरचा चहा प्याले होते.

गाडीचं सगळं आबांच्या गुडघ्यापासून सुरू झालं. आबा म्हणजे माझे वडील. विहिरीच्या कठड्यावरून पाय घसरून ते आत पडले. पाण्यात पडले म्हणून वाचले, पण पडता पडता डावा पाय दगडावर आपटला. हाड जुळलं, गुडघा काही वाकेना. पाय काठीसारखा सरळच राहिला. सरळ पायाच्या माणसाला शेतात करण्यासारखं फार थोडं असतं. खुरपायला बसता येत नाही, पाण्याची दारं धरायला वाकता येत नाही. जेवायलासुद्धा आबा एकटे खुर्चीवर आणि बाकी घर खाली, असं व्हायला लागलं. आमच्या घरात खुर्चीवर फक्त पाहुणे आणि तलाठी बसत. आबांना ते फार लागायचं.

पडण्याआधी आबा पिकअप चालवायचे. पेरूच्या पाट्या भरून पहाटे बारामतीला, नाहीतर इंदापूरला. रस्त्यावरच्या प्रत्येक हॉटेलवाल्याशी त्यांची भांडणं होती आणि प्रत्येकाकडं त्यांची उधारी नसतानाही बसायची जागा होती. आता गाडी छपरात उभी होती, कारण डाव्या पायाशिवाय क्लच दाबता येत नाही. लांबच्या रस्त्यावरून एखादा ट्रक हॉर्न वाजवत गेला की आबांचा घास हातात तसाच राहायचा.

तेव्हा बारामतीच्या मिस्त्रींनी आबांच्या डोक्यात ते वेड घातलं. मिस्त्री लढाईत ब्रह्मदेशाकडं लष्करी गाड्या दुरुस्त करून आले होते. निदान ते तसं सांगायचे. ते म्हणाले, अमेरिकेत आता क्लचच नसतो. गिअर आपोआप पडतात. "दोन पंखे असत्यात समोरासमोर आन् मधी त्याल. एक पंखा फिरला की तेलाच्या वाऱ्यानं दुसरा फिरतोय. तुमी फक्त बसायचं."

आधी त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून एका हलक्या मोटारीची तसली गिअरची पेटी आणून बसवली. रिकामी गाडी त्या पेटीवर भिंगरीसारखी पळाली. मग पाट्या भरल्या आणि गाडी इंदापूरच्या वाटेवरच्या कालव्याच्या पुलावर चढायला लागली. तो पूल मधोमध उंटाच्या पाठीसारखा उंच आहे. निम्म्या चढावर इंजिन ओरडायला लागलं आणि चाकं जागची हलेनात. तेलाचा वारा होता, पण तो पेरूंना पुरेना. आतले पट्टे घसरून करपल्याचा वास शिवारभर पसरला. शेवटी उसाच्या गाडीचे बैल सोडून पुढं जुंपले आणि त्यांनी आबांची मोटार आबांसकट पुलापलीकडं ओढली. आबा स्टिअरिंग धरून समोर बघत बसले होते. मागं लोक बैलांच्या नावानं ओरडत होते. ती हकीगत पुढं कितीतरी दिवस प्रत्येक पारावर सांगितली गेली आणि दर वेळी बैलांची जात जरा जास्त चांगली होत गेली.

तात्यांनी त्या दिवशी निकाल दिला. तात्या म्हणजे आबांचे थोरले भाऊ. घरात त्यांचा शब्द चालायचा. "बास झालं ह्ये," ते म्हणाले. "मी ड्रायव्हर ठेवतो." हा ड्रायव्हर म्हणजे तात्यांचा मेहुणा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं खाकी शर्ट शिवायला टाकल्याचंही आईनं ऐकलं होतं.

आबांनी फक्त एकदा मागितलं, "एकडाव जोरदार पेटी बसवून बघू द्या."

तात्यांनी पानाची पिंक टाकली. मग म्हणाले, "बघ. भरल्या मालानिशी त्या पुलावरनं इंदापूर गाठायचं. कुणाचा हात लागता कामा न्हाय, बैलाचं शेपूट लागता कामा न्हाय. जमलं तर गाडी तुझी आन् किल्ली तुझी. न्हाय जमलं तर किल्ली माझ्या हातात द्यायची आन् पुन्हा गाडीचं नाव काढायचं न्हाय."

"व्हय," आबा म्हणाले. किल्ली त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात होती. बोलताना त्यांनी खिशावर हात ठेवला, तो मी दाराआडून पाहिला.

जोरदार पेटी एका जुन्या संस्थानिकांच्या गाडीची निघाली. ती लांबलचक, जडशीळ गाडी झाडावर आदळून पुढून चेपली होती, पण पोटातली पेटी शाबूत होती. बारामतीच्या छोट्या रेल्वेनं ती कडब्यात गुंडाळून आली. स्टेशनावर उतरवून घेताना हमालांना वाटलं, आत देव आहे. एकानं तर पाया पडून मग हात लावला.

पुढचे दिवस आमचं अंगण म्हणजे मिस्त्रींचा कारखाना झाला. कडुनिंबाच्या फांदीला साखळी बांधून जुनी पेटी उतरवली, नवी वर चढवली. ती इंजिनाला बसेना. इंजिनाची भोकं एकीकडं आणि पेटीची दुसरीकडं. मग बारामतीत जिथं उसाच्या चरकाचे रूळ कातून मिळत, तिथून एक जाड लोखंडी चकती करून आणली, दोन्हीकडची भोकं पाडलेली. ती मधे घातली तेव्हा दोघांचं जुळलं. पेटी जुनीपेक्षा लांब, म्हणून मागच्या चाकांकडं जाणारा दांडा तेवढा कापून पुन्हा जोडावा लागला. मुंबईहून लाल रंगाचं पातळ तेल आलं. आईनं ते डब्यात वाकून पाहिलं आणि म्हणाली, "सरबतावानी दिसतंय की," आणि डबा स्वयंपाकघरापासून लांब ठेवायला लावला.

पेटीबरोबर त्या मोटारीची एक इंग्रजी पुस्तिका आली होती. ती वाचायला अर्थातच मला बोलावलं. माझं इंग्रजी बर्फ, चिमण्या आणि राजकन्यांचं. त्या पुस्तिकेत त्यातलं काहीच नव्हतं. दोन पानं घाम पुसत वाचून मी मिस्त्रींना प्रामाणिकपणे एवढंच सांगू शकले, "आत ग्रहांसारखी फिरणारी चाकं आहेत असं लिहिलंय."

"असणारच," मिस्त्री गाडीखालून म्हणाले. "ग्रह फिरल्याबिगर एवढी म्हागाची गाडी झाडावर जाईल व्हय?"

त्यानंतर पुस्तिका बंद झाली आणि मिस्त्री स्वतःच्या अंदाजानं पुढं गेले.

माझा खरा उपयोग शेवटी झाला. गिअरचा दांडा गाडीच्या तळातून वर काढला होता आणि त्याच्या बाजूला एक पट्टी. दांडा पट्टीवर चार ठिकाणी थांबायचा. मूळच्या मोटारीत तिथं चार इंग्रजी अक्षरं होती. आबांना मराठी चांगलं वाचता यायचं, इंग्रजी नाही. ते म्हणाले, "पोरी, आपल्या भाषंत काढ."

"काय काढू?"

आबांनी विचार केला. गाडीच्या आधी त्यांनी आयुष्यभर बैल हाकले होते. "पयलं थांब," ते म्हणाले. "मग चाल. मग चढ आला की जोर. आन् शेवटी मागं."

पांढऱ्या रंगात बारीक ब्रश बुडवून मी ते चार शब्द पट्टीवर काढले. 'जोर'मधला र जरा तिरका झाला. शाळेत माझ्या अक्षराला बक्षीस मिळायचं, पण तिथं कधी कुणी माझ्या अक्षरांवर गाडी चालवणार नव्हतं.

पूजा झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही, हे आईनं आधीच सांगून ठेवलं होतं. आबा आत बसले. डावा पाय बाजूला लांब पसरलेला, उजवा ब्रेकवर. चाकांखाली लिंबं ठेवली. आई ताट घेऊन गाडीच्या नाकासमोर उभी राहिली. इंजिन चालू. आबांनी दांडा 'चाल'वर आणून ठेवला, म्हणजे ओवाळून झालं की लगेच निघता येईल. जोत जुंपून बैल उभे करावेत तसं.

आईनं ओवाळायला सुरुवात केली तेव्हा आबांच्या लक्षात आलं की पायात वहाण आहे. वहाण घालून कोणी ओवाळून घेतं का? त्यांनी वहाण काढायला उजवा पाय उचलला.

क्लचच्या गाडीत पाय काढून माणूस वहाणच काय, धोतरही बदलू शकतो. ह्या गाडीला ते ठाऊक नव्हतं. कासरा सैल सोडला की बैल जसा आपसूक पाऊल टाकतो, तशी ती हळूच पुढं निघाली. पहिल्यांदा लिंबं फुटली. आई एक पाऊल मागं सरली, पण ओवाळणं अर्धवट सोडायचं नाही म्हणून ताट फिरवतच राहिली. गाडी एक पाऊल पुढं आली. आई मागं, गाडी पुढं. आई ओवाळतेय आणि गाडी ताटाच्या मागं, सवयीच्या गाईसारखी, येतेय.

"क्लच! आरं क्लच दाब!" तात्या ओरडत होते.

"हायच कुठं!" आबा ओरडले.

कडब्याच्या गंजीला आईची पाठ लागली तेव्हा आबांचा अनवाणी पाय ब्रेकवर पोचला. गाडी थांबली. आईनं शेवटचा फेरा पूर्ण केला, गाडीच्या नाकाला कुंकू लावलं आणि मगच ती खाली बसली.

"अंगात आलंया गाडीच्या," कुणीतरी म्हणालं.

"आई, लागलं का?" मी विचारलं.

"मला काय व्हतंय," आई म्हणाली. "नारळ फोडायचा राहिलाय, त्यो आन."

त्यानंतर तात्यांना वाटलं की खोट आबांत आहे. त्यांनी स्वतः चालवून बघायचं ठरवलं. पन्नाशी उलटली तरी तात्या गाडी झकास चालवायचे. ते ऐटीत बसले, मिस्त्री शेजारी बसले, मागं गाडीच्या हौदात चारजण उभे राहिले. गाडी अंगणातून निघाली, वेग घेतला आणि तात्यांच्या डाव्या पायानं आयुष्यभराच्या सवयीनं क्लच दाबला. क्लच तर नव्हता. त्याच्या जागी मिस्त्रींनी त्या मोठ्या मोटारीचा रुंद ब्रेक बसवला होता. गाडी जागच्या जागी मेली. मागचे चारजण पुढं आले. मिस्त्रींचं कपाळ काचेवर. तात्यांची टोपी दाराबाहेर.

"कुणी अडवली?" तात्यांनी मागं वळून विचारलं.

"तुमीच," मिस्त्री कपाळ चोळत म्हणाले. "सरका, मी दावतो."

मिस्त्रींनी दाखवलं. विहिरीपर्यंत जाईतो त्यांच्याही डाव्या पायानं तोच घात केला. मग हौसेनं एकेकजण बसला. ज्याला ज्याला गाडी येत होती, त्या प्रत्येकाचा डावा पाय शहाणा होता आणि प्रत्येकानं गाडी गचकन थांबवली. शेवटी आबा बसले. त्यांचा डावा पाय सरळ, बाजूला पडलेला, कशाच्याच अध्यात ना मध्यात. गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी वस्तीला वळसा घालून आली. हौदातल्या माणसांच्या हातातली विडीची राखसुद्धा पडली नाही.

अंगणातलं चालणं वेगळं आणि पूल वेगळा, असं तात्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

इंदापूरला निघायच्या दिवशी पाट्या रचल्या गेल्या. पेरूंचा वास सगळ्या अंगणात होता. पुढं तिघांनाच जागा. आबांचा सरळ पाय मधल्या जागेत आडवा यायचा, तिथं बारीक माणूसच मावायचं. मला तसंही इंदापूरच्या आत्याकडं जायचं होतं. म्हणून मी मधे, माझ्या पायांच्या हद्दीत आबांचा पाय, आणि खिडकीशी तात्या. पंच म्हणून.

पुलापर्यंत वाट चांगली गेली. तात्यांचा डावा पाय मात्र प्रत्येक वळणावर जमिनीवर दाबला जात होता. प्रत्येक वेळी ते त्याच्याकडं परक्याच्या पायाकडं बघावं तसं बघत. आबा तोंडानं गाडीशी बोलत होते. "चल. चल की. हां, अश्शी."

पूल आला तेव्हा आबांनी दांडा 'जोर'वर ओढला. पेटीनं आतून खालच्या सुरात हुंकार दिला आणि गाडी चढायला लागली. पेटी घसरली नाही, वास आला नाही. निम्मा चढ झाला आणि समोरची उसाची बैलगाडी थांबली. तिच्या वरची मोळी सुटली होती, ऊस रस्त्यावर सांडला होता. आबांनी ब्रेक दाबला. आम्ही चढावर उभे राहिलो. नेमक्या त्याच जागी, जिथं गेल्या वेळी गाडी अडली होती.

ती जागा सगळ्या शिवाराला पाठ होती.

"आबांची गाडी अडकली!" कालव्यावरून कुणीतरी हाळी दिली. तिच्यात काळजी होती आणि आनंदही होता. बघता बघता माणसं गोळा झाली. समोरून रिकामी गाडी घेऊन येणाऱ्या एकानं बैल सोडलेसुद्धा. दोर निघाले. कुणी ऊस उचलत होतं, कुणी आमच्या पुढच्या लोखंडाला गाठ मारत होतं.

"नको रं!" आबा खिडकीतून म्हणाले. "अडाकली न्हाय! म्होरची गाडी हलली की जातो!"

"आसू द्या आबा," गाठ मारणारा म्हणाला. "लाजायचं काय त्यात? ह्यो आपलाच पूल हाय."

"आरं नको म्हणतोय!"

"व्हय व्हय," तो म्हणाला आणि दुसरी गाठ मारली.

तेव्हा मला कळलं की हे चहासारखंच चाललं आहे. आबांचा पहिला नको नमस्कारात जमा झाला होता. दुसरा नको मानी माणसाचा म्हणून जमा झाला होता. तिसऱ्याला दोन्ही हात आडवे धरायला पाहिजे होते, खाली उतरून, दोरावर. आबांना उतरता येत नव्हतं. उजवा पाय ब्रेकवरून उचलला असता तर भरलेली गाडी मागं उभ्या असलेल्या बैलगाड्यांवर गेली असती.

तात्या खाली उतरले होते. ते अन्यायी नव्हते. "नको रं, पैज हाय ह्येची," असं ते म्हणालेसुद्धा. पण तहान लागलेली असताना माणूस चहाला नको म्हणतो, त्या आवाजात म्हणाले. आणि मग पंचानं किती बोलावं, अशा चेहऱ्यानं कठड्याला टेकून उभे राहिले.

बैल गाडीच्या तोंडाशी आले. समोरची मोळी बांधून झाली होती, उसाची गाडी हलली होती. वाट मोकळी होती, फक्त बैल आणि दोर आडवे होते. बैलाचं शेपूट आमच्या दिव्याला लागायला वीतभर उरलं होतं. आबांनी ओरडणं थांबवलं होतं. एका हातानं त्यांनी स्टिअरिंग धरलं होतं आणि दुसरा हात बंडीच्या खिशावर होता, न सांगता गेलेला. ते माझ्याकडं बघत नव्हते. त्या पट्टीवरच्या चार शब्दांकडं बघत होते.

मी तात्यांच्या जागेवर सरकले, खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आले आणि ओरडले.

काय ओरडले ते त्या क्षणी मला ऐकू आलं नाही. समोरच्या माणसांना ऐकू आलं. गाठ मारणाऱ्याच्या हातातला दोर गळला. बैलवाल्यानं बैलांना असं बाजूला ओढलं की ते कठड्याला भिडले. शेजारची एक बाई डोक्यावरचा भारा तसाच ठेवून खाली बसली. मग मी आत आले आणि आबांना म्हटलं, "चला."

आबांनी पाय ब्रेकवरून उचलून ॲक्सिलरेटरवर टाकला. त्या मधल्या पळात गाडी हातभर मागं गेली. मग तेलाच्या वाऱ्यानं पकडलं. पेटी गुरगुरली, चाकांखालचे खडे करकरले आणि संस्थानिकांची ती पेटी आमचे पेरू घेऊन, घाई न करता, पुलाच्या पाठीवर चढली. दोराचं सुटं टोक पुढच्या लोखंडाला लोंबत होतं. माथ्यावर आबांनी गाडी थांबवली, दांडा 'थांब'वर केला, आणि आम्ही तात्यांची वाट बघत बसलो.

तात्या धापा टाकत आले. आत बसले. थोडं अंतर गेल्यावर त्यांच्या डाव्या पायानं पुन्हा जमीन दाबली, तेव्हा त्यांनी तो पाय उचलला, मग दुसरा उचलला आणि सीटवर चक्क मांडी घालून बसले. जेवायला बसल्यासारखे.

"किल्ली ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच," ते रस्त्याकडं बघत म्हणाले.

"इंदापूर यायचं हाय अजून," आबा म्हणाले.

"यील त्ये. पळून जातंय व्हय?" मग जरा वेळानं, "मेव्हण्याच्या शर्टाचं तेवढं काय सांगायचं त्ये बघाय पायजे."

आबा हसले नाहीत. पण पुढच्या गावातून जाताना काहीएक कारण नसताना त्यांनी लांबलचक हॉर्न वाजवला.

इंदापूरला आमचा माल घेणाऱ्या अडत्याच्या पेढीवर पाट्या उतरल्या. आबा खुर्चीवर बसले. तिथं सगळेच खुर्च्यांवर बसतात. चहा आला आणि तात्यांनी पुलाची हकीगत सुरू केली. ऐकताना माझ्या लक्षात आलं की एवढ्यातच तिच्यातले बैल मागच्या वेळेपेक्षाही मोठे झाले आहेत आणि चढ आणखी उभा झाला आहे. पण ह्या वेळी हकीगत आबांच्या बाजूनं होती.

"आन् मग ही बोलली," तात्या म्हणाले. "ही! आमच्या घरात हिचा आवाज कसा हाय त्ये मला ठावं नव्हतं."

"काय बोलली?" अडत्यानं विचारलं.

"मी कशाला सांगू? तीच सांगंल. सांग पोरी, सांग ह्यास्नी."

"नको," मी म्हटलं.

सगळ्यांनी मान डोलावली आणि वाट बघत राहिले. हमालसुद्धा पाट्या ठेवून उभे राहिले.

"नको, तात्या."

अडत्यानं हसून चहाचा कप माझ्याकडं जरा आणखी सरकवला. मला कळून चुकलं की माझे दोन नको वापरून झाले आहेत आणि तिसऱ्याला मला ओरडावंच लागणार आहे. मी आबांकडं बघितलं. ते दारातून बाहेर, उन्हात उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडं बघत होते, पण कान इकडंच होते. आणि ज्या बोलीतलं एकही अक्षर शाळेनं माझ्यात शिल्लक ठेवलं नाही असं सगळ्यांना वाटत होतं, त्याच बोलीत, त्या भरल्या पेढीवर मी पुन्हा म्हटलं,

"सोडा ती बैलं! न्हायतर आमची गाडी त्यास्नी वडत इंदापूरला न्हील!"